मिटलेले भांडण आणि न मिटलेली अढी: नाशिकमधील एका फुटबॉल संघाचे प्रकरण

एकाच संघातील दोन खेळाडू मैदानावर एकमेकांच्या अंगावर गेले, तर त्यांच्यात कायमचे वैर राहते का, हा प्रश्न नाशिकच्या स्थानिक फुटबॉलमध्ये बहुतेक प्रत्येक पावसाळी हंगामात कुणाला तरी पडतोच. त्यावर प्रशिक्षक आणि संघचालकांकडून साधारणपणे दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, पोरे आहेत, एकत्र चहा प्यायली की विसरतील. आणि दुसरे म्हणजे, आता या दोघांचे जमणे शक्य नाही, एकाला मोकळे करा. येथे मांडलेल्या प्रकरणात दोन्ही उत्तरे चुकीची ठरली. हाणामारी करणाऱ्या दोघांमधील राग लवकरच निवळला. मात्र त्या भांडणातून एक अढी निर्माण झाली, ती तिसऱ्याच माणसाविषयी, आणि ती आजही कायम आहे.

संघ खुल्या गटात खेळणारा आहे. त्यात महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, तसेच सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीवर काम करणारे तरुणही आहेत. सराव गंगापूर रोड परिसरातील एका मैदानावर पहाटे होतो, कारण पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना त्यानंतर वेळ मिळत नाही. संघाला प्रायोजक नाही. चेंडू, किट, प्रवेश शुल्क आणि बाहेरगावच्या सामन्यांचे गाडीभाडे हे सगळे खेळाडूंच्या मासिक वर्गणीतून भागते. वर्गणीची ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे. मी स्वतः क्रीडाशिक्षक आहे, या संघाचा घटक नाही; संघाच्या व्यवस्थापकांनी विनंती केल्यावर मी सर्वांशी स्वतंत्रपणे बोललो आणि नंतरही त्यांचा सराव पाहत राहिलो. कुणाची ओळख पटू नये म्हणून येथे प्रत्येकाचा उल्लेख संघातील त्याच्या जागेवरून केला आहे.

गोलकीपर सत्तावीस वर्षांचा, सातपूरला नोकरी करणारा, संघातील सर्वांत जुन्या खेळाडूंपैकी एक. स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधल्या जागी खेळणारा बचावपटू, एकवीस वर्षांचा, नाशिकरोडहून बसने सरावाला येणारा, महाविद्यालयात शिकणारा. कर्णधार मधल्या फळीत खेळतो. पंचवटीतील आहे, मृदुभाषी आहे आणि संघ बांधून ठेवण्यासाठी त्याने स्वतःचा पुष्कळ वेळ आणि पैसा घातला आहे. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम येथेच लिहून ठेवतो, कारण पुढील मजकुरात त्याच्या तीन कृतींची चिकित्सा आहे आणि त्यातून त्याच्याविषयी चुकीचे मत होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

सामना ऑगस्टमधील होता. रात्रभर पाऊस झाल्याने मैदानात चिखल होता, विशेषतः दोन्ही गोलांसमोर. संघ एका गोलने पुढे असताना दुसऱ्या सत्रात प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत असताना गोलकीपरने "कीपर!" अशी, म्हणजे चेंडू मी घेतो अशी, हाक दिली, पण स्टॉपरला ती ऐकू आली नाही, किंवा आली तेव्हा त्याने उडी घेतलेली होती. दोघे एकमेकांवर आदळले, चेंडू निसटला आणि गोल झाला. असे प्रसंग फुटबॉलमध्ये घडतच असतात, आणि त्यावरून झालेली तोंडातोंडी मैदान सोडेपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. येथेही सुरुवात तशीच झाली. "ऐकू येत नाही का?", "नीट ओरडायचं ना मग!" इतपत बोलणे झाले आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

काही मिनिटांनी चेंडू दुसऱ्या टोकाला असताना गोलकीपर पुन्हा बोलला. या वेळी त्याने हाक, कॉर्नर किंवा गोल यांतले काहीच काढले नाही. तो म्हणाला, "आमच्या वर्गणीवर खेळतोस, निदान नीट तरी खेळ."

स्टॉपरच्या घरची परिस्थिती बेताची आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्याने कर्णधाराला एकट्याला गाठून सांगितले होते की, या वर्षी वर्गणी देणे जमणार नाही, तेव्हा मी खेळू की नको. कर्णधाराने त्याला वर्गणी माफ केली आणि ही गोष्ट आपल्या दोघांतच राहील, असा शब्द दिला. तोच शब्द आता भर मैदानात, दोन बॅकच्या, म्हणजे बाजूच्या बचावपटूंच्या, आणि राखीव खेळाडूंच्या समोर उघडा पडला. स्टॉपरने वळून गोलकीपरला धक्का दिला आणि कानशिलात लगावली. गोलकीपरने त्याची जर्सी धरली. सर्वांत आधी कर्णधार धावत पोहोचला आणि त्याने स्टॉपरला मागून, दोन्ही हात जखडून, घट्ट धरले. गोलकीपरला मात्र त्या क्षणी कुणीच धरलेले नव्हते. त्याचा ठोसा स्टॉपरच्या भुवईवर बसला. नंतर दवाखान्यात दोन टाके घालावे लागले.

नियमांच्या दृष्टीने पुढे जे झाले ते बऱ्याच खेळाडूंना ठाऊक नसते, म्हणून स्पष्ट करतो. फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार हिंसक वर्तन हे केवळ प्रतिस्पर्ध्याविरुद्धच होते असे नाही. सहकाऱ्यावर हात उगारला तरी लाल कार्डच मिळते. शिवाय चेंडू खेळात असताना मैदानाच्या आत सहकाऱ्याला मारहाण झाली, तर प्रतिस्पर्धी संघाला थेट फ्री किक मिळते आणि तो प्रकार स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात घडला असेल तर पेनल्टी. साहाय्यक पंचाने निशाण उंचावले, पंचांनी दोघांनाही लाल कार्ड दाखवले आणि पेनल्टी दिली. राखीव गोलकीपर त्या दिवशी आलेला नव्हता. उजव्या विंगरने हातमोजे चढवले, पेनल्टीवर गोल झाला आणि नऊ जणांचा संघ १-२ असा हरला.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे सुरुवातीला कुणी लक्ष दिले नाही. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उलटसुलट मजकूर सुरू झाला, तेव्हा कर्णधाराने ॲडमिन या नात्याने स्टॉपरला ग्रुपमधून काढले. गोलकीपर ग्रुपमध्येच राहिला. दोन दिवसांनी व्यवस्थापकांनी ठरवले की, पहिला हात स्टॉपरने उगारला असल्याने त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर ठेवावे आणि गोलकीपरला समज द्यावी. कर्णधाराने या निर्णयाला विरोध केला नाही.

व्यवस्थापकांनी मला बोलावले ते या टप्प्यावर. त्यांचा प्रश्न सरळ होता: शिक्षा संपल्यावर या दोघांना पुन्हा एका संघात खेळवता येईल का?

माझे पहिले निरीक्षण असे की, हा प्रश्न विचारला जात असतानाच त्याचे निम्मे उत्तर घडून गेले होते. गोलकीपर पाळी संपवून, कुणालाही न सांगता, नाशिकरोडला स्टॉपरच्या घरी जाऊन आला होता. त्याने काय सांगितले, हे मला दोघांनीही वेगवेगळे सांगितले आणि दोन्ही कथने जुळली. तो म्हणाला होता, "बॉलवरून बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती. पैशावरून बोललो, ते माझं चुकलं." त्यावर स्टॉपर म्हणाला, "पहिला हात माझा होता, दादा." या संवादात दोघांनीही आपापला नेमका दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला. "जे झालं ते झालं" किंवा "काही चुकलं असेल तर माफ कर" अशी मोघम भाषा त्यात नव्हती. नुसता हात हातात देऊन केलेल्या तोंडदेखल्या समेटापेक्षा हे फार निराळे आहे, आणि माझ्या मते या दोघांचे संबंध सावरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच होते. पुढे गोलकीपरने हीच गोष्ट सरावाच्या वेळी सगळ्या संघासमोरही सांगितली. त्याला तसे करायला कुणी भाग पाडले नव्हते. अपमान चारचौघांत झाला होता, तेव्हा तो मागेही चारचौघांतच घ्यायला हवा, इतकी समज त्याच्यापाशी होती.

आणखी एक कारण त्यांच्या जागांमध्ये आहे. स्टॉपर आणि गोलकीपर यांना एकमेकांशी न बोलता खेळताच येत नाही. ऑफसाइडची रेषा कुठे ठेवायची, बॅकपास कुठल्या पायावर द्यायचा, फ्री किकला भिंत किती जणांची उभी करायची, कुणी मोकळा सुटला आहे का, हे सगळे सामनाभर ओरडून सांगावे लागते. सरावाच्या सामन्यांत पहिल्या दिवसापासून त्यांना बोलावेच लागले, आणि कामापुरत्या बोलण्यातून इतर बोलणे हळूहळू परतले.

संघटनांच्या अभ्यासक कॅरेन जेन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कामावरून होणारे मतभेद आणि माणसामाणसांतील वैयक्तिक संघर्ष हे वेगवेगळे तपासले होते. वैयक्तिक संघर्ष असला की गटातील लोकांचे समाधान आणि परस्परांविषयीची आपुलकी घटते. कामावरील मतभेदांचा परिणाम मात्र कामाच्या स्वरूपानुसार बदलतो आणि काही वेळा त्यातून फायदाही होतो. या संघात कॉर्नरवरची तोंडातोंडी ही कामावरची होती आणि वर्गणीचे वाक्य माणसावरचे होते. गोलकीपरने माफी मागताना नेमकी हीच सीमा ओळखली.

मग अढी कुठे राहिली? व्यवस्थापकांनी शिक्षेचा फेरविचार करून दोघांनाही सारखीच मुदत दिली, आणि ती संपल्यावर दोघे परतले. त्यानंतर मी सराव पाहत असताना स्टॉपरच्या पासांकडे लक्ष ठेवले. गोलकीपरकडून चेंडू आला की तो वळून उजव्या बॅकला देई, कधी डाव्या बॅकला. कर्णधार मधून खाली येऊन, पाठीवर कुणी नसताना, तळवा पुढे करून "दे, दे" म्हणत असला तरी स्टॉपर मान वर न करता चेंडू लांब उचलून टाके. चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला तरी त्याला चाले. प्रशिक्षक त्याला "छोटा पास खेळ" म्हणून पुन्हा पुन्हा बजावत होते. त्यांना ही तंत्रातली त्रुटी वाटत होती. रविवारी सरावानंतर मंडळी मिसळ खायला जात, तेव्हा गोलकीपर आणि स्टॉपर शेजारी बसत, एकमेकांच्या ताटलीतला पावही उचलत. कर्णधार आला की स्टॉपरला बसची वेळ आठवे.

मी स्टॉपरला याविषयी विचारले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "कीपरदादानं मला मारलं, मीही त्यांना मारलं. फिटलं. पण ज्यानं मला धरून ठेवलं, त्याचं काय?" आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. वर्गणीची गोष्ट गोलकीपरला कुणी सांगितली? ती कर्णधाराखेरीज कुणाला माहीतच नव्हती. मला दोन्ही हातांनी जखडले, त्याला मोकळे का सोडले? ग्रुपमधून मला एकट्याला का काढले? त्याच्या मनात या तीन घटना सुट्या नव्हत्या; त्यांचे एकच कथानक तयार झाले होते, आणि ते असे की कर्णधाराने ठरवून बाजू घेतली.

कर्णधाराची बाजू ऐकली तर प्रत्येक कृतीमागे समजण्याजोगे कारण होते. गोलकीपरने वर्गणीची यादी पाहून "याचं नाव का नाही?" असे विचारले होते; मुलगा बुडवेगिरी करतो असा त्याचा गैरसमज होऊ नये म्हणून कर्णधाराने खरे कारण सांगितले. मैदानात त्याने स्टॉपरला धरले, कारण हात त्याने उगारला होता आणि धावत येताना त्याचीच पाठ समोर होती. ग्रुपमधून काढले ते भांडण वाढू नये म्हणून, आणि दोन दिवसांनी परत घेण्याचा त्याचा विचार होता. हे सगळे मला पटते. पण यातले काहीही त्याने स्टॉपरला कधी सांगितलेले नाही. आपण शांतता राखण्यासाठीच झटलो, तेव्हा आपण काही खुलासा देणे लागतो, असे त्याला वाटतच नाही.

मैदानात भांडण सोडवण्याची पद्धत हा क्षुल्लक तपशील नाही. मारामारीत एकालाच मागून जखडले, तर तो स्वतःचा बचावही करू शकत नाही आणि समोरच्याला मोकळे रान मिळते. सोडवणाऱ्याने दोघांच्या मध्ये शिरावे, ज्याला मागे न्यायचे आहे त्याच्याकडे तोंड करावे, छातीला छाती लावून त्याला ढकलत दूर न्यावे. आणि दुसऱ्याला दुसऱ्या कुणीतरी त्याच वेळी न्यावे. ही गोष्ट शाळेच्या पातळीपासून शिकवायला हवी, असे मी कळकळीने म्हणतो. आपण मुलांना टॅकल शिकवतो, हेडर शिकवतो. पण संघात हमखास उद्भवणाऱ्या या प्रसंगासाठी त्यांना काहीच शिकवत नाही.

व्यावसायिक फुटबॉलमधील दोन गाजलेली प्रकरणे या प्रकरणाशेजारी ठेवून पाहावीत. २ एप्रिल २००५ रोजी इंग्लंडमध्ये सेंट जेम्स पार्क मैदानावर ॲस्टन व्हिलाविरुद्ध न्यूकॅसल हा क्लब ०-३ असा मागे असताना ली बोयर आणि कीरन डायर हे न्यूकॅसलचेच दोन खेळाडू एकमेकांना ठोसे मारू लागले. कारण एवढेच की, डायर आपल्याला पास देत नाही असे बोयरला वाटत होते. दोघांना लाल कार्ड मिळाले. संघाचा आणखी एक खेळाडू आधीच बाहेर गेला असल्याने आठच जण उरले. व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांनी त्याच दिवशी दोघांना आपल्या दोन्ही बाजूंना बसवून पत्रकारांसमोर माफी मागायला लावली. शिक्षा मात्र सारखी झाली नाही. बोयरवर सात सामन्यांची बंदी आली आणि क्लबने त्याचा सहा आठवड्यांचा पगार कापला. डायरवर तीन सामन्यांची बंदी आली. तरीही २००७ मध्ये डायर वेस्ट हॅम क्लबला गेला तेव्हा बोयर तिथेच होता, आणि दोघे पुन्हा एका संघाचे सहकारी झाले.

इंग्लंडचे आघाडीचे खेळाडू अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम यांच्यात मात्र अशी हाणामारी झालीच नाही. मार्च १९९५ मध्ये उरुग्वेविरुद्ध वेम्ब्लीवर कोल इंग्लंडकडून पहिल्यांदा मैदानात उतरला तो शेरिंगहॅमच्या जागी. बाहेर जाताना शेरिंगहॅमने आपल्याकडे दुर्लक्ष केले, हस्तांदोलनही केले नाही, असे कोलचे म्हणणे होते. १९९७ मध्ये शेरिंगहॅम मँचेस्टर युनायटेडला आला, जिथे कोल आधीपासून खेळत होता. पुढे एका गोलच्या दोषावरून दोघांत खटका उडाला आणि बोलणे पूर्ण बंद झाले. १९९९ मध्ये त्याच संघाने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे जिंकली, तरी अबोला सुटला नाही. २०१० मध्ये कोलने स्वतः लिहून हे सगळे सांगितले, तेव्हाही त्याच्या मनातली कटुता गेलेली नव्हती.

शिक्षा असमान असली की अढी राहतेच, असे मला हे काम हाती घेताना वाटले असते. बोयरचे उदाहरण त्याविरुद्ध जाते. सुरुवात आपण केली हे बोयरला मान्य होते, त्यामुळे जास्त शिक्षेत त्याला अन्याय दिसला नसावा. आमच्या स्टॉपरलाही लाल कार्ड, बंदी, भुवईवरचे टाके यांविषयी तक्रार नव्हती. ते सारे त्याने स्वतःच्या हाताचा परिणाम म्हणून स्वीकारले होते. मात्र ज्या गोष्टींत त्याचा काही दोष नव्हता, म्हणजे फुटलेला शब्द, जखडलेले हात आणि ग्रुपमधून गेलेले नाव, त्यांचा हिशेब त्याला कुणाकडे मागताच येत नव्हता. गोलकीपरशी त्याचे उघड भांडण झाले, म्हणून ते उघडपणे मिटवताही आले. कर्णधाराशी त्याचे भांडणच झालेले नाही. मग मिटवायचे काय, असे संघातील इतर सर्वांना वाटते, आणि कर्णधारालाही.

कोलच्या उदाहरणातून आणखी एक भीती वाटते. असा अबोला असतानाही संघ जिंकू शकतो, आणि जिंकत राहिला तर तो अबोला सोडवण्याची कुणाला निकड वाटत नाही. या संघाने पुढच्या हंगामात बरी कामगिरी केली. स्टॉपर संघातील सर्वांत भरवशाचा बचावपटू झाला आहे. लांब पास ही आता त्याची शैली मानली जाते.

व्यवस्थापकांनी माझ्या सूचनांपैकी काही स्वीकारल्या. वर्गणीची यादी आता खेळाडूंना दाखवली जात नाही. ती फक्त खजिनदाराकडे असते, आणि सवलतीचा निर्णय व्यवस्थापक स्वतः घेतात, म्हणजे कर्णधारावर कुणाचे गुपित सांभाळण्याची वेळ येत नाही. ग्रुपमधून कुणालाही काढायचे झाल्यास आधी त्याला फोन करून कारण सांगायचे, असेही ठरले. भांडण सोडवण्याची पद्धत प्रशिक्षकांनी एकदा सरावात प्रत्यक्ष करून दाखवली; ती शिकवताना स्टॉपर मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधत बसला होता.

राहिला तो कर्णधार आणि स्टॉपर यांच्यातला विषय. मी कर्णधाराला सुचवले आहे की, त्याने स्टॉपरला एकट्याला गाठून तिन्ही गोष्टी नाव घेऊन बोलाव्यात, आणि सुरुवात शब्द फुटल्यापासून करावी, कारण बाकीच्या दोन गोष्टींना अपघात म्हणता येते, ही मात्र त्याने स्वतः केली होती. त्याने ऐकून घेतले. येत्या हंगामासाठी दोघांचीही नावे नोंदवली गेली आहेत, पण ते बोलणे अजून झालेले नाही.